फोकस चार बोटं मागे

"कान बघा," वनिताबाई म्हणाल्या. "सगळीकडे नुसता कान."

मी निगेटिव्हची पट्टी लाइटबॉक्सवर सरळ केली आणि लूप डोळ्याला लावला. लूप म्हणजे छोटं भिंग, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलंच. पहिल्या फ्रेममध्ये एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. भिंतीवर सारवताना उमटलेले बोटांचे फराटे मोजता येतील इतके स्पष्ट. कानाच्या पाळीतलं लांबट भोकही स्पष्ट. पण डोळे धूसर होते. नाक, ओठ, कपाळावरचं गोंदण, सगळं पाण्यात विरघळल्यासारखं.

दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. असे सहा रोल होते. काही फोटो नुसत्या हातांचे होते. त्यात बोटं पुसट आणि मांडीवरचा लुगड्याचा काठ लख्ख.

"कॅमेरा हलला असेल का?" मी विचारलं. हललेला नाही हे मला दिसत होतं. हललेल्या फोटोत सगळंच हलतं, इथे भिंत जागच्या जागी होती. तरी विचारलं.

"ट्रायपॉडवर होता."

"सगळेच असे?"

"डोंगराचे, अंगणातले बरे आलेत. घरात जवळून काढलेला एकही नाही. पाच दिवसांपूर्वी ती गेली, भाऊ. आता परत कुणाचे काढू?"

मी कॅमेरे दुरुस्त करतो. पूर्वी मुंबईत फोर्टला एका वर्कशॉपमध्ये होतो. ते बंद पडल्यावर शहापूरच्या घरात पुढच्या खोलीत टेबल मांडलं. आता कॅमेरे फार कमी येतात. मोजणीवाल्यांच्या लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी बघायच्या दुर्बिणी येतात, फॉरेस्टवाल्यांच्या दुर्बिणी येतात, त्यावर चाललंय. फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा अजून नियमाने वापरणारं माझं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, ते म्हणजे मुरबाडच्या वनिताबाई. आश्रमशाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर. वाड्यापाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचा त्यांना नाद. रोल घरीच धुतात.

ती म्हातारी म्हणजे बुधीबाई. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एक ठाकूरवाडी आहे, तिथली सुईण. वनिताबाई तरुणपणी त्या भागातल्या शाळेत असताना ऐन पावसात त्यांचे दिवस भरले. रस्ता वाहून गेला होता. बाळंतपण बुधीबाईने केलं. ती मुलगी आता परदेशात नोकरी करते.

बुधीबाई कुणाला फोटो काढू द्यायची नाही. समोर मोबाइल धरला की तोंडावर पदर घ्यायची. नातवंडांनी लपूनछपून काढले त्यात पाठ नाहीतर पदर. वनिताबाई दोन वर्षं मागे लागल्या, तेव्हा ती तयार झाली. मुंबईतल्या एका संस्थेला जुन्या सुइणींच्या फोटोंचा संग्रह छापायचा होता आणि त्यांना फिल्मवरचेच फोटो हवे होते. वनिताबाई तीन दिवस वाडीवर राहून आल्या. रोल धुवायचं केमिकल संपलं होतं, ते मुंबईहून यायला पंधरा दिवस गेले. तेवढ्यात बुधीबाई गेली. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा मंगळू मुरबाडला वनिताबाईंच्या दारात उभा. दहाव्याला आईचा फोटो लावायचा म्हणाला. केमिकल आलेलंच होतं. बाईंनी त्याच दुपारी रोल धुतले.

आता या गोष्टीत मी कुठे येतो ते सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी याच टेबलावर वनिताबाईंनी दोन लेन्स ठेवल्या होत्या. एक त्यांची जुनी, एक नवी. कंपनी तीच, मॉडेल तेच, फक्त मधे चाळीसेक वर्षांचं अंतर. नवी त्यांच्या मुलीने तिकडून आणली होती. जुन्या लेन्सच्या आत बुरशी धरली होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते होतंच. मी ती दोनदा साफ केली होती, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. तो परत येत नाही.

"सांगा," त्या म्हणाल्या. "बुधीबाईकडे कुठली नेऊ?"

मी दोन्ही तपासल्या. जुनी पितळेची, जड. रिंग अशी फिरते की फिरवतच राहावं. छिद्र पूर्ण उघडलं की कोपरे मऊ पडतात आणि समोरून उजेड आला की चित्रावर पांढुरकी साय धरते. नवीत एक काच वेगळ्या आकाराची घडवलेली असते, त्यामुळे पूर्ण उघडी असतानाही कोपऱ्यापर्यंत धार मिळते. काचेवर लेपाचे अनेक थर, म्हणून दारातून ऊन आलं तरी चित्र फिकं पडत नाही. अंधाऱ्या घरात, दार उघडं ठेवून फोटो काढायचा तर दोघींची बरोबरीच नव्हती.

वनिताबाईंचं मन जुन्या लेन्सवर होतं. "हिच्यात चेहरा मायाळू येतो," असं त्या म्हणाल्या.

"मायाळू नाही, धूसर येतो," मी म्हटलं. "नवी न्या. सुरकुती न सुरकुती येईल."

नवी लेन्स त्यांच्या कॅमेऱ्याला लावून मी खिडकीतून माहुलीच्या सुळक्यांवर धरली. लांबचा फोकस असाच बघतात. बरोबर जुळत होता. जवळचा फोकस तपासायचा तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून, दुधी काच लावून, अर्धा-पाऊण तासाचं काम. त्यांची किन्हवलीवरून जाणारी मुरबाडची बस होती. मी म्हटलं, "ओके आहे. एक रोल काढून बघा."

त्यांनी एक रोल काढलाही. रस्ता, देऊळ, बाजार. भर उन्हात. उन्हात लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवतात, आणि तेव्हा फोकसची थोडी चूक खपून जाते. सगळे फोटो छान आले. त्यांनी मला फोन करून सांगितलंही.

आता त्या समोर बसल्या होत्या आणि लाइटबॉक्सवर सहा रोल पडले होते.

"लेन्सच खराब असणार," मी म्हटलं. "कॅमेऱ्यासकट ठेवून जा. दोन दिवसांत सांगतो."

"जुनी पण ठेवते," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकदम बघा." चहा न घेताच गेल्या.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याची गोम अशी की फोटो काढणारा लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या वर बाजूला एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघतो. खिडकीच्या मधोमध फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरच्या माणसाची दुसरी छबी दिसते. रिंग फिरवली की ती सरकते. दोन्ही छब्या एकीवर एक बसल्या की फोकस झाला असं धरायचं. आता खिडकीला हे कसं कळतं? लेन्सच्या मागे एक पितळी कडी असते, ती रिंगबरोबर आतबाहेर होते. कॅमेऱ्याच्या आत एक चिमुकलं चाक त्या कडीवर टेकलेलं असतं. कडी जेवढी सरकेल तेवढं चाक सरकतं आणि खिडकीला खबर देतं. लेन्स आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, यांच्यात बोलणं होतं ते एवढंच. ते बोलणं चुकलं तर खिडकी म्हणते जुळलं, आणि फिल्मवर भलतंच उतरतं. रोल धुवेपर्यंत कुणाला काही कळत नाही.

मी बॉडी ट्रायपॉडवर लावली. मागे दुधी काच बसवली. फिल्मला जे दिसतं ते त्या काचेवर दिसतं. समोर बरोबर एक मीटरवर वर्तमानपत्र टांगलं आणि त्याला टेकवून एक लाकडी पट्टी तिरकी ठेवली. आधी जुनी लेन्स लावली. खिडकीत जुळवलं, काचेवर लूप लावला. वर्तमानपत्रातली अक्षरं टोकदार. मग नवी लेन्स लावली. खिडकीत जुळवलं. काचेवर अक्षरं पुसट आणि पट्टीवरचा फोकस मागे. बोटं लावून बघितलं, चार बोटं. डोळ्यापासून कानापर्यंत असतं तेवढं.

म्हणजे नवी लेन्स खराब. मी खूश झालो, हे कबूल केलं पाहिजे. दोष दुसऱ्याचा निघाला की मेकॅनिकला बरं वाटतं.

वनिताबाईंच्या मुलीने त्या कंपनीचं काम बघणाऱ्या मुंबईतल्या एका टेक्निशियनचा नंबर दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेन्स घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ती मशीनवर चढवली आणि दहा मिनिटांत काढून माझ्या हातात दिली.

"लेन्स करेक्ट आहे."

"जवळचा फोकस चार बोटं मागे पडतोय."

"किती बॉडींवर बघितलंत?"

"एकाच."

"मग बॉडी बघा ना, काका."

तरुण होता. मला राग आला. घरी आलो ते तडतडतच. माझ्याकडे त्याच जातीची एक बॉडी आहे, बिघडलेल्या वस्तूंशी ताडून बघायला ठेवलेली, फोटो काढायला कधी न वापरलेली. तिच्यावर नवी लेन्स लावली. एक मीटर, वर्तमानपत्र, पट्टी. फोकस बरोबर. परत केलं, परत बरोबर. मग जुनी लेन्स लावली. फोकस चार बोटं पुढे आला.

मी खुर्चीत बसून राहिलो. जी चांगली समजत होतो ती लेन्स चुकीची होती, आणि त्या चुकीच्या लेन्सशी वनिताबाईंची बॉडी तंतोतंत जुळत होती. असं आपोआप होत नाही. कुणीतरी ती बॉडी त्या लेन्सला जुळवून दिलेली असते.

त्यांच्या बॉडीची लेन्स काढून मी तिच्या जागेतून आत टॉर्च मारला. चाकाच्या दांडीवर एक स्क्रू असतो. तो फिरवला की फक्त जवळचा फोकस बदलतो, लांबचा तसाच राहतो. असा स्क्रू फिरवला की मेकॅनिक वर रंगाचा थेंब टाकतो, म्हणजे तो ढिला होत नाही. या स्क्रूवर डाळिंबी थेंब होता. ते नेलपॉलिश होतं. फोर्टच्या वर्कशॉपमध्ये सगळे हिरवं लॅकर वापरायचे. मला त्याचा वास सोसायचा नाही, म्हणून मी बायकोचं नेलपॉलिश न्यायचो. डाळिंबी. तिथे दुसऱ्या कुणाचा तो रंग नव्हता.

मग सगळं आठवलं. अठरा वर्षं झाली असतील. वनिताबाईंनी ती जुनी लेन्स कुणाकडून तरी सेकंडहँड घेतली होती आणि फोकस जुळत नाही म्हणून कॅमेरा वर्कशॉपला आणला होता. मी लेन्स उघडून बघितली. पुढच्या काचांचा गट दुसऱ्याच लेन्सचा निघाला. आधीच्या कुणीतरी बदललेला. मी मालकांना दाखवलं.

"हा पार्ट मिळणार नाही," मालक म्हणाले. "तिच्याकडे लेन्स किती?"

"एकच."

"मग बॉडीच जुळवून दे लेन्सला."

"बाईंना सांगू का तसं?"

"काय सांगणार? फोटो चांगला आला म्हणजे झालं तिला."

मी स्क्रू फिरवला, थेंब टाकला, कॅमेरा दिला. बाईंना काही सांगितलं नाही. सांगायचं होतं एवढंच: हा कॅमेरा आता या एकाच लेन्सचा आहे, याला दुसरी लावू नका. हे सगळं मालकांवर ढकलता येत नाही. वर्कशॉप बंद पडल्यावर त्या माझ्या घरी यायला लागल्या. वर्षातून दोनदा तरी. मी कधीही सांगू शकलो असतो. मी विसरलो होतो. आणि दोन महिन्यांपूर्वी नवी न्या म्हणालो तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मुरबाडला गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती, आणि तसं सांगणं बरंही दिसलं नसतं. वनिताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडायचे थांबल्या, एवढंच.

"म्हणजे अठरा वर्षांपूर्वी तुम्हीच," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि नवी न्या म्हणालात तेही तुम्हीच."

"हो."

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. मग त्या म्हणाल्या, "तिला मोतीबिंदू होता. दारातला उजेड डोळ्यांत गेला की पाणी यायचं. मी म्हणायचे, बुधीबाई, जरा डोळे उघडे ठेव, माझ्याकडे बघ. ती बघायची. पाणी गळत असायचं तरी बघायची. तीन दिवस. आयुष्यात कुणाच्या कॅमेऱ्याकडे बघितलं नाही ती बाई."

माझं चुकलं म्हणालो. ते त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

"परवा दहावं आहे," त्या म्हणाल्या. "उद्या मंगळूकडे जायचंय. तुम्ही चला. मला हे त्याला समजावता यायचं नाही."

जाण्याआधी मी एक शेवटचा उपाय केला. शहापुरात एक स्टुडिओवाला आहे. जुने, फाटके फोटो कॉम्प्युटरवर नीट करून देतो. त्याला त्यातल्या त्यात बरी निगेटिव्ह दिली. म्हटलं, चेहरा थोडा उघडता आला तर बघ. तासाभरात त्याने प्रिंट हातात ठेवला. बघून मी चकित झालो. डोळे चकचकीत, पापण्यांचे केस मोजून घ्यावेत, सुरकुत्या रेखीव. फोटो जसा आला होता तसाही एक प्रिंट मी करून घेतला. दोन्ही पाकिटात घातले. मनात थोडी आशा धरली होती, खोटं कशाला बोलू.

मंगळू पन्नाशीचा. वाडीत शिरताच तो पुढे आला. घरात त्याची बायको, दोन सुना, शेजारपाजारच्या बाया. ज्या भिंतीला टेकून बुधीबाई बसली होती ती भिंत मी ओळखली. बोटांचे फराटे तेच. तिथे एक पाट मांडून ठेवला होता, फोटोसाठी.

मी आधी तो रेखीव प्रिंट दिला. मंगळूने तो दाराशी उजेडात नेला. बायकोने मागून वाकून बघितलं. दोघं एकमेकांशी हळू काहीतरी बोलले.

"ही कोन, बाई?" त्याने वनिताबाईंना विचारलं.

वनिताबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुझी आईच आहे," मी म्हटलं. "फोटो पुसट आला होता, तो कॉम्प्युटरवर नीट केलाय."

"नाय भाऊ. बाय चांगली हाय, पन ही आमची आय नाय. आयचा हा डोला बारीक व्हता. हिचं दोनी सारकंच." त्याने प्रिंट परत माझ्या हातात दिला, नीट, दोन्ही हातांनी. "आन् गोंदान कुठं हाय तिचं? ह्ये तर टिकल्यावानी झालंय."

कॉम्प्युटरला चेहरा सापडला नव्हता, म्हणून त्याने कुठलातरी बसवला होता. मग मी दुसरा प्रिंट दिला. त्याने तोही बघितला. बराच वेळ.

"ह्यो कान तिचाच," तो म्हणाला.

"हो."

"तोंड नाय आलं?"

"नाही आलं."

"का नाय आलं?"

मी सांगायला लागलो. लेन्स, बॉडी, चाक, स्क्रू. चार वाक्यं झाली आणि माझं मलाच कळेना मी काय बोलतोय. मग म्हटलं, "या कॅमेऱ्याचं काम पूर्वी मी केलं होतं. ते मी चुकीचं केलं आणि बाईंना सांगितलं नाही. बाईंची चूक नाही."

मंगळूने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "आमी पोरांना सांगलं व्हतं," तो म्हणाला, "बाईंनी आजीचा फोटो काडलाय, येनार हाय. आता काय दावू त्यांना?"

त्याच्या सुनेने आमच्यापुढे पाणी आणून ठेवलं. वनिताबाई पाटाशेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि तोंडावर पदर घेतला. शेजारची एक बाई जाऊन त्यांच्याजवळ बसली.

दहाव्याला आधार कार्डावरचा फोटो लावला. मंगळूने कसाऱ्याला जाऊन मोठा करून आणला होता. नंतर त्याच्याकडूनच कळलं. आधार काढताना बुधीबाईला बळेच बसवलं होतं. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत, म्हणाला.

संस्थेने संग्रहातून बुधीबाईचं पान काढून टाकलं. तिची नुसती माहिती छापा असं वनिताबाईंनी त्यांना कळवलं. फोटोंचा संग्रह आहे, नुसती माहिती बसत नाही, असं उत्तर आलं.

बाईंनी मला सांगितलं, कॅमेरा जसा असायला हवा तसा करा. मी केला. स्क्रू मूळ जागी आणला. आता त्या बॉडीला नवी लेन्स बरोबर लागते, जगातली त्या जातीची कुठलीही लेन्स लागेल. फक्त जुनी लागणार नाही. मी फोन केला, कॅमेरा तयार आहे म्हटलं. "असू दे," त्या म्हणाल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी परत फोन केला. "असू दे हो, भाऊ." कॅमेरा आणि दोन्ही लेन्स माझ्या कपाटात आहेत. बुरशी धरू नये म्हणून आत चाळीसचा बल्ब लावून ठेवलाय.

तेव्हापासून माझ्याकडून कुठलीही वस्तू दुरुस्त होऊन गेली की सोबत एक कागद जातो. काय बदललं, काय तसंच ठेवलं, कशाला काय लावू नये, सगळं माझ्या हाताने लिहिलेलं, खाली सही. मोजणीवाले तो कागद घेतात, घडी घालतात आणि लेव्हलच्या पेटीत तळाशी टाकतात. वाचताना मी अजून कुणाला बघितलेलं नाही. म्हणून आता मी तो त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच वस्तू हातात देतो.